अळणी पातेलं

आमच्या घरी तिला कुणी नावाने हाक मारत नाही, चिमटी म्हणतात. ते नाव मीच पाडलं. पुढे जे घडलं ते कुणामुळे, असं विचारलंत तर त्या नावापासूनच सुरुवात करावी लागेल, म्हणजे माझ्यापासून.

मी तिची आत्या. एका मोठ्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दीडशे माणसांचा स्वयंपाक करते. तिथे माझ्या पाठीमागे मला कुकर म्हणतात, कारण माझी शिट्टी कधी वाजेल याचा नेम नसतो. म्हणू देत बापडे. घरात आम्ही पाचजण. मी, माझी आई, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांची सात वर्षांची ही चिमटी. भाऊ सुतार, दारं-खिडक्या करायचा. भावजय बाटल्यांच्या कारखान्यात पाळीवर जाते. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मधे एक बोळ, इतका अरुंद की दोघं समोरासमोर आली तर एकाला मागे सरावं लागतं.

इतर पोरं बाहेर धुमाकूळ घालायची तेव्हा ही बया दुधाच्या पालथ्या क्रेटवर उभी राहून माझ्या पातेल्यात डोकवायची. कांदा परतायला टाकला की कान टवकारायची आणि म्हणायची, "आत्या, आवाज बदलला. आता हलव." आणि खरंच हलवायची वेळ झालेली असायची! माझ्या हाताखालच्या दोन बायकांना हे तीन वर्षांत जमलेलं नाही. पाव भाजून झाला की ती त्याला पालथा करून बोटाने टकटक करायची, आत कुणी आहे का ते बघितल्यासारखी, आणि मग निकाल द्यायची.

मीठ घालायला मी तिला शिकवलं. "तीन बोटांची चिमूट. दोन बोटांची म्हणजे कंजुषी, चार बोटांची म्हणजे उधळपट्टी." तिची बोटं ती केवढीशी, पण अंदाज पक्का. मग प्रत्येक पातेल्याला चिमूट तिचीच. घालताना डोळे मिटायची आणि पुटपुटायची, "प्रभू, चव दे." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना होते, रविवारची उपासना चुकत नाही, पण पातेल्यापाशी प्रार्थना करणारी आमच्यात ही पहिलीच. तिच्या हिशेबी प्रभू म्हणजे घरातलंच कुणी मोठं माणूस, ज्याला जेवायला वेळेवर हाक मारावी लागते. आईला याचं फार कौतुक. मला वरवर वैताग, आतून तेच.

मग भाऊ आजारी पडला. रंधा मारताना धाप लागायला लागली, पाय सुजले, आणि एक दिवस तो भुशाच्या ढिगावरच बसला तो उठेना. दवाखान्यात बारा दिवस काढले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय दमलंय, त्यामुळे अंगात पाणी साठतं. घरी सोडताना त्यांनी मला समोर बसवून दोन गोष्टी सांगितल्या. रोज सकाळी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं, कारण वजन वाढलं की पाणी वाढलं. आणि मीठ बंद.

"कमी का?" मी विचारलं.

"बंद," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वयंपाक करता ना? मग हे तुमच्या हातात आहे. पुन्हा असं पाणी भरलं तर तो परत घरी येईल अशी खात्री मी देणार नाही."

मी कँटीनमधून रजा घेतली, घरी आले आणि कान तुटलेलं एक पातेलं त्याच्यासाठी वेगळं काढलं. त्याचं नाव पडलं अळणी पातेलं. "अळणी चढवलं का?", "अळणी कुणी उघडं ठेवलं?" असं दिवसभर चालायचं. त्यात आमच्या भावाला विनोदाची भारी हौस. चार उशांना टेकून बसायचा आणि म्हणायचा, "या घरात दोन अळणी गोष्टी. एक ते पातेलं, दुसरा मी." चिमटी कॉटच्या कडेला बसून ऐकायची. आम्ही सगळे हसायचो, ती हसत नव्हती. हे मला आता आठवतं. तेव्हा कुणाचं लक्ष होतं?

पहिला आठवडा वजन बासष्ट किलोवर ठाण मांडून होतं. मी देवाचे आभार मानले आणि स्वतःची पाठही थोपटून घेतली.

त्या रविवारी चिमटी संडे स्कूलहून आली ती थेट ओट्याशी. माझी घाई चालली होती, एका शेगडीवर बटाटे, दुसरीवर अळणी सूप.

"आत्या, अळणी झालं की बाहेर फेकून देतात?"

मला वाटलं, कालच्या उरलेल्या सुपाचं विचारतेय. "हो, फेकूनच देतात. त्याचं दुसरं करायचं काय?"

"आणि मग लोक त्याच्यावर पाय देतात?"

"देत असतील बाई! सर तिकडे, हात भाजेल."

ती सरली. क्रेटवरून उतरली आणि बराच वेळ बोळात उभी होती. मी काही तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून भावाचं ताट न्यायचं काम तिने मागून घेतलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तिन्ही वेळा. ओट्यावरून ताट उचलायची, बोळात खिडकीच्या कट्ट्यावर टेकवायची, पाठ आमच्याकडे करून मान खाली घालायची. ओठ हलताना दिसायचे. मग ताट घेऊन आत. आईने मला कोपराने ढोसलं. "बघ, बापाच्या ताटावर प्रार्थना केल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही पोर." आणि माझ्यासारख्या रागीट बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं कशाला सांगू?

आणि वजन वाढायला लागलं.

मंगळवारी बासष्टावर तीनशे ग्रॅम. गुरुवारी त्रेसष्ट. मला वाटलं, काटा बिघडला. मी स्वतः उभी राहिले, भावजयीला उभं केलं, पिठाचा डबा ठेवला. काटा चोख होता. शनिवारी त्रेसष्टच्या वर पाचशे. भावाच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. सोमवारी चौसष्ट झालं आणि मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी वजनाचा कागद बघितला आणि चष्मा काढला. "घरात कुणीतरी मीठ देतंय."

"शक्यच नाही," मी म्हणाले.

"मग मीठ चालत येतंय का?" त्यांनी गोळ्या वाढवल्या. "चार दिवस देते. उतरलं नाही तर भरती. आणि हे शरीर किती वेळा साथ देईल ते मला माहीत नाही."

भाऊ शेजारच्या खुर्चीत बसून जमिनीकडे बघत होता.

मी घरी आले ती पेटूनच. पहिला संशय माझ्या आईवर. कारण तीच रोज म्हणायची, "बिनमिठाचं काय जेवण ते! मरायचा नाही तो आजाराने, खंगून मरेल." मी चप्पलही काढली नाही.

"आई, तू त्याला मीठ देतेस?"

"काय बोलतेस? मी?"

"मग कोण? मीठ काय चालत येतं? तुझ्या मायेपायी पोरगा जाईल तुझा!"

आई ऐंशीला टेकलेली. तिने पदराने तोंड पुसलं, आत गेली आणि त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही माझ्याशी बोलली नाही. मी मिठाची बरणी उचलली, माझ्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत अडकवली. सांगून टाकलं, आजपासून सगळं घर अळणी खाणार. बघू आता मीठ कुठून येतं ते.

चिमटी दारात उभी होती. "सगळ्यांचंच अळणी?"

"सगळ्यांचंच!"

तिचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, माझ्या आवाजाला घाबरली.

पुढचे चार दिवस मी घरात पहाऱ्यावरच होते. मी पाव विकत आणायचा बंद केला, घरीच बिनमिठाचा भाजला. चिमटीने कणीक मळली, पण पाव पालथा करून टकटक केली नाही. भावजयीच्या पिशव्या मी ती झोपलेली असताना तपासल्या, देव मला क्षमा करो. गोळ्या मोजल्या. भावाला भेटायला त्याचे सोबती आले तर त्यांच्या खिशांकडे बघत बसले. नव्या गोळ्यांनी वजन एक दिवस खाली आलं, मी हुश्श केलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. जेवताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. बोळातली प्रार्थना तेवढी लांबत चालली होती. एकदा मी जवळून गेले तर ऐकू आलं, "प्रभू, त्यालाच आधी. मग आजी. मग सगळे." केवढी श्रद्धा, मला वाटलं. आपल्याला का नाही असं मागता येत?

शनिवारी सकाळी नऊ वाजता भावजयीने हाक मारली. भाऊ कॉटवर ताठ बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. ओठ निळे. दोन शब्द बोलायचा आणि हवा ओढायचा. "ताई... आडवं... होता येत..." पुढचं आलंच नाही. मी फोन केला. वीस मिनिटांत रुग्णवाहिका आली, दोन माणसं स्ट्रेचर घेऊन जिना चढली.

बोळात स्ट्रेचर वळेना. एकाने पाय वर उचलले, दुसऱ्याने डोक्याकडची बाजू भिंतीला घासत नेली. त्यांचे बूट, भावाच्या छातीतली घरघर, आईचं "सांभाळा, सांभाळा". मी दार उघडून धरलं होतं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून चिमटी आली. हातात पळी. तिने स्ट्रेचर बघितलं, उघडं दार बघितलं, आणि अशी किंचाळली की खालच्या मजल्यावरची माणसं बाहेर आली.

"बाहेर फेकू नका! बाबा अळणी नाहीये! मी घातलंय, रोज घातलंय मीठ!"

कुणाला काही कळेना. ती त्या माणसांच्या पायांत घुसली, फ्रॉकच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि उघडून त्यांच्यापुढे धरली. "हे बघा! तीन बोटांची! रोज!"

काड्यापेटीत मीठ होतं.

बोळातली प्रार्थना. पाठ वळवून. खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलेलं ताट. मला सगळं एका क्षणात दिसलं, आणि माझा हात उठला. मी तिला मारलं. गालावर, जोरात. काड्यापेटी उडाली, मीठ फरशीवर सांडलं, आणि स्ट्रेचर धरलेला माणूस त्यावरून पाय देऊन म्हणाला, "बाई, बाजूला व्हा, उशीर होतोय."

चिमटी रडली नाही. त्याच्या बुटाखालच्या मिठाकडे बघत राहिली.

दवाखान्याच्या बाकड्यावर मी आणि भावजय तीन दिवस बसलो. आत नळ्या, नाकावर मास्क, आणि काचेतून दिसणारी त्याची छाती. डॉक्टरीणबाई रोज तेच म्हणायच्या, "बघू." बाकी सगळं आईने फोनवर सांगितलं, आठवड्याने पहिल्यांदा माझ्याशी बोलून. संडे स्कूलच्या बाईंनी मिठाची शिकवण सांगितली होती. मीठच अळणी झालं तर ते कशाचंच उरत नाही, बाहेर टाकतात, लोक तुडवतात. पोरीने घरी येऊन मला विचारलं, आणि मी हो म्हणाले. वर बाप रोज सांगतोय, मी अळणी झालो. मग तिने काय करायचं होतं? बरणीला कुलूप लागल्यावर तिने शेजारच्या शिंपीणबाईंकडून वाटीभर मीठ आणलं, आत्याने मागितलंय असं सांगून. तेवढ्या खोट्याची क्षमाही मागून ठेवली होती तिने, रोजच्या रोज.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता काय. ओट्याकडे फिरकत नाही. जेवणाआधी आमेन म्हणत नाही. उजव्या हाताची मूठ आवळून बसते, उघड म्हटलं तरी उघडत नाही." मग आई म्हणाली, "तू मला बोललीस ते मी विसरेन. मी म्हातारी आहे. ती सात वर्षांची आहे."

मी फोन ठेवला आणि त्या बाकड्यावर हुंदके देऊन रडले. भाऊ वाचावा म्हणून प्रार्थना करायला बसायची, आणि डोळ्यांपुढे तो गाल यायचा.

चौथ्या दिवशी वजन उतरलं. त्याचा मास्क काढला. मी आत गेले, पाणी पाजलं आणि हळूहळू सगळं सांगितलं. काड्यापेटी, बाईंची शिकवण, माझा हात. तो छताकडे बघत ऐकत होता.

"ताई, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्याच घासाला कळलं. कॉटवरून बोळ दिसतो. खिडकीच्या काचेत तिची बोटं दिसायची."

मी पाण्याचा पेला टेबलावर आपटला. "आणि तू गप्प बसलास? डॉक्टरीणबाई विचारत होत्या तेव्हा? मी आईला नाही नाही ते बोलले तेव्हा? अरे मेल्या, मेला असतास ना खरोखर!"

"मी घास घेतला की तिचा चेहरा..." तो थांबला. "नाही. ते पण खोटंच. चव आली होती, ताई. त्या पांचट सुपानंतर जेवण जेवणासारखं लागलं. म्हटलं, आज एक दिवस. मग उद्या एक दिवस. पोरीच्या आड लपलो मी."

मी इतकी संतापले होते की नर्सने पडदा सरकवून आत बघितलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याच्या डोळ्यांतून पाणी उशीवर गळतंय आणि ते पुसायला हात उचलायचं बळ त्याच्यात नाही. मी पुसलं.

"तिला घेऊन ये," तो म्हणाला. "हे मलाच सांगू दे."

लहान मुलांना आत सोडत नव्हते. मी नर्सच्या हातापाया पडले आणि पाच मिनिटं मिळवली. चिमटी आली ती माझ्या बाजूने नाही, आजीच्या बाजूने चालत. मूठ आवळलेली. कॉटपासून दोन हातांवर उभी राहिली.

"चिमटे, मीठ तू घातलंस, पण खाल्लं मी," भाऊ म्हणाला. "मला माहीत होतं ते खायचं नाही. तुला माहीत नव्हतं. तर चूक कुणाची?"

तिने मूठ आणखी आवळली.

"माझी. मला क्षमा करशील?"

तिने बराच विचार केला. मग विचारलं, "तू अळणी राहिलास तर फेकणार नाहीत?"

"तुझी आत्या असताना? कुणाची टाप आहे मला फेकायची! विचार तिला."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "ती मारते," ती म्हणाली.

"मारते," भाऊ म्हणाला. "फेकत नाही."

मी भावाच्या अंगावरची चादर उगाच सारखी केली. नर्सने वेळ झाल्याचं सांगितलं. जाताना चिमटीने मूठ उघडली आणि बापाच्या पावलावर बोट दाबून बघितलं, खळगा राहतो का. राहिला नाही.

तो घरी आला तेव्हा वजन एकसष्ट होतं. संडे स्कूलच्या बाई येऊन गेल्या. त्या बिचाऱ्या इतक्या रडल्या की आईनेच त्यांना पाणी दिलं. त्यांनी चिमटीला जवळ घेऊन समजावलं, की ती सगळी गोष्ट माणसांच्या वागण्याची होती, बाबांच्या ताटाची नव्हती. चिमटी हो हो म्हणाली. पण स्वयंपाकघरात आली नाही. क्रेट तसाच पालथा पडून होता.

पाचव्या दिवशी दुपारी मी अळणी पातेल्यात कांदा परतत होते. मुद्दामच हलवला नाही. करपायला आला तरी हात मागे धरून उभी राहिले.

"आवाज बदलला," दारातून आलं.

"मला नाही ऐकू आला."

ती आली, क्रेटवर चढली आणि माझ्या हातातून पळी घेतली. गाजर तिने टाकलं, बटाटा तिने टाकला, लिंबू तिनेच पिळलं. मिठाच्या जागी बरणी नव्हती, आणि तिने त्या जागेकडे बघितलंही नाही. सूप वाटीत ओतून तिने ताट उचललं, बोळात नेलं, खिडकीच्या कट्ट्यावर टेकवलं. मी मागे उभी होते. ती वळली. फ्रॉकचे दोन्ही खिसे उलटे करून तिने मला दाखवले. मग दोन्ही तळवे पुढे धरले, बोटं फाकवून. आणि मगच मान खाली घालून प्रार्थना सुरू केली.

तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. तपासून झाल्याशिवाय आपल्याला प्रार्थना करता येणार नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं.

मी तिथेच बोळात तिच्यासमोर खाली बसले. तिचं आमेन झाल्यावर माझे दोन्ही हात तिच्यापुढे धरले, तिने धरले होते तसेच, पालथे-उताणे करून. तिने ते नीट बघितले. डावा बघितला, मग उजवा. उजव्याकडे जरा जास्त वेळ बघत होती. मी हात मागे घेतला नाही.

मग तिने त्या उजव्या हातावर ताट ठेवलं.

"तू धर," चिमटी म्हणाली, "मी दार उघडते. सूप गार होतंय."